दोन हातांचं कापड

ब्रॅकनेल
रविवार, ८ ऑक्टोबर २००६

प्रिय नंदा,

तीन वर्षं आणि चार महिने मी तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर. अक्षयाची शाळा बदलली, आम्ही घर बदललं, माझी नोकरी पक्की झाली, प्रमोदचं ऑफिस स्लाऊहून इथे हललं. ही सगळी कारणं खरी आहेत.

आज लिहायला बसले ते राहवत नाही म्हणून. शुक्रवारी म्यूझियममध्ये एक ईमेल आली. स्लाऊच्या हॉस्पिटलमध्ये एक नर्स आहे, लुंचाई नावाची. बोर्निओच्या सारावाकची. इबान. डायाक लोकांमधले जे इबान, त्यांच्यातली! आमच्या नोव्हेंबरच्या प्रदर्शनाचं पत्रक तिला लायब्ररीत मिळालं आणि तिने विचारलं, "तुमच्याकडे आमच्याकडचं एक मुंडकं आहे असं दिसतं. त्याला भेटायला येऊ का?"

बघायला नाही, भेटायला. मी ते वाक्य चार वेळा वाचलं आणि मग जागेवरून उठून उगीचच कॉरिडॉरमध्ये फेरी मारून आले.

तुला माहीत आहे, सहा वर्षं मी म्यूझियमच्या त्या स्टोअरमध्ये, वस्तू जपून ठेवायच्या खोलीत, काम करते. एकोणीसशे वीसच्या सुमारास इथल्या एका निवृत्त साहेबाने सारावाकहून आणलेल्या एकशे चौदा वस्तू. भाले, टोपल्या, मणी आणि रजिस्टरच्या एकाच ओळीत, एकाच शाईत, "मुंडकं, मानवी, वेताच्या जाळीत, एक. कापड, लाल, एक." सहा वर्षं मी या लोकांबद्दल पुस्तकांतून वाचते आहे आणि त्यांच्यातलं एकही माणूस मला भेटलेलं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

प्रमोद म्हणाला, "दिवाळी तोंडावर आली आणि तू मुंडकं काय घेऊन बसलीस!" अक्षया म्हणाली, "आई, तो डोकं अजून तुझ्या ऑफिसमध्ये आहे? ईऽ." मी म्हटलं, ते डोकं. ती म्हणाली, "व्हॉटेव्हर, ते डोकं अजून आहे?"

तुला सांगू, त्या दोघांना समजावताना माझा आवाज चढतो. लोकांना वाटतं, रानटी माणसं, दिसलं की कापलं. तसं नव्हतं गं. घरात कोणी गेलं की सगळ्या वस्तीला सुतक लागायचं आणि नवं मुंडकं आल्याशिवाय ते फिटायचं नाही. ते आणणारा होडीतून उतरला की बायका सामोऱ्या जायच्या आणि हाताने विणलेल्या लाल कापडात, त्याला पुआ म्हणतात, ते झेलून घ्यायच्या. कडेवर घेऊन झुलवायच्या, पाळणा म्हणायच्या. शत्रूच्या डोक्याला पाळणा! त्यांच्या सणातल्या गाण्यांत ते मुंडकं फोडतात तेव्हा आतून बियाणं सांडतं. भाताचं, आणि माणसांचंही. हे वाचलं त्या दिवशी मी ट्रेनमध्ये दोन स्टेशनं पुढे गेले होते.

मग लगेच स्वतःला विचारते, आपण भाळतोय का? कारण प्रत्येक मुंडकं शूर योद्ध्याचं नसायचं. नदीवर पाण्याला आलेल्या बाईचंही असायचं, पोराचंही. आमच्या स्टोअरमधलं कोणाचं आहे कोणालाच माहीत नाही. ते विसरून नुसती पाळण्याची गोष्ट सांगणं हे खोटंच.

ते लाल कापड तुला आठवत असेलच. बुधवारी ती येणार आहे.

ब्रॅकनेल
बुधवार, ११ ऑक्टोबर

नंदा, काय दिवस होता!

लुंचाई चाळिशीची असेल, माझ्यापेक्षा एक-दोन वर्षांनी लहान. बुटकी, गोल चेहरा, नर्सेसची असते तशी भराभर चाल. हातात एक प्लॅस्टिकचा डबा. दारातच मिसेस हॉलिस उभ्या होत्या. त्या आमच्या म्यूझियमच्या प्रमुख, साठीच्या, नियम म्हणजे नियम. त्यांनी डब्याकडे बघितलं.

"डब्यात काय आहे?"

"भात. थोडं केळ. आणि एक सिगरेट."

"कोणासाठी?"

"त्याच्यासाठी," लुंचाई म्हणाली. "पाहुण्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?"

मिसेस हॉलिसनी डोळे मिटून उघडले. आमच्या स्टोअरमध्ये खायचा पदार्थ न्यायचा नाही. साधी पेपरमिंटची गोळीसुद्धा नाही. अन्नाला किडे येतात आणि किडे लोकर, कापड, पिसं सगळं फस्त करतात. तो नियम बरोबर आहे, मी स्वतः तो दारावर चिकटवला आहे.

"स्टोअरमध्ये भात जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग त्याला बाहेर आणा," लुंचाई म्हणाली. "आमच्याकडे त्यांना चुलीच्या वर टांगतात. धूर लागतो, ऊब राहते. गार पडले की चिडतात, घरात आजारपण येतं. तुमच्या त्या खोलीत किती डिग्री?"

"सोळा," मी म्हटलं.

"सोळा!" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच एखाद्या म्हाताऱ्या पेशंटची खिडकी उघडी ठेवली होती. मग हसली. "मी दर रविवारी चर्चला जाते हं. माझा आता यावर विश्वास आहे असं नाही. पण आजीला कळलं की मी भेटून आले आणि जेवायला घातलं नाही, तर ती कबरीतून उठून मारेल."

मिसेस हॉलिस माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मागच्या अंगणात. पंधरा मिनिटं. फॉर्म भरून."

स्टोअरमधली वस्तू जागची हलवायची तर एक फॉर्म असतो. वस्तूचा क्रमांक, कुठून, कुठे, किती वेळ. आणि शेवटचा रकाना, 'हलवण्याचं कारण'. तिथे आम्ही 'छायाचित्रण' लिहितो, 'दुरुस्ती', 'अभ्यास'. मी पेन घेऊन बसले आणि मला सुचेना. 'अभ्यास' लिहिलं असतं तर कोणी विचारलं नसतं. पण ते खरं नव्हतं. मी लिहिलं, 'दुपारचं जेवण'.

मिसेस हॉलिसनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग सही केली.

ट्रॉलीवरून खोका अंगणात नेला. मी झाकण काढलं. ते लहानच आहे, धुराने काळपट तपकिरी झालेलं, वेताच्या जाळीत. लुंचाईने त्याला हात लावला नाही. बशीत भात वाढला, केळ ठेवलं, सिगरेट पेटवून कडेला ठेवली आणि इबानमध्ये काहीतरी बोलली. मी नंतर विचारलं, काय म्हणालीस? "म्हटलं, मी तुमच्या नदीची नाही, दुसऱ्या नदीची आहे. तुम्ही कोणाचे ते मला माहीत नाही. पण तुम्ही इथे एकटे जेवता असं कळलं म्हणून आले." मग दोन्ही हात छातीशी दुमडून ती जरा डोलली आणि तिने दोन ओळी गुणगुणल्या. तिसरी आठवेना. "आजी म्हणायची," एवढंच म्हणाली आणि नाक पुसलं. मिसेस हॉलिस मान वळवून कुंपणावरच्या वेलीकडे बघत होत्या. भलत्याच लक्षपूर्वक.

आणि नंदा, मग तिने विचारलं, "याला ज्या कापडात घेतलं असेल, ते आहे का?"

पुढचं उद्या लिहिते. अक्षयाला क्लासहून आणायचं आहे.

(हे खरं नाही. क्लास शुक्रवारी असतो. पुढचं आज लिहवत नाही.)

ब्रॅकनेल
शनिवार, १४ ऑक्टोबर

तीन दिवस या कागदाला हात लावला नाही. आता सरळ लिहिते.

पहिल्या दिवशी मी न लिहिण्याची जी कारणं दिली ती खरी आहेत म्हटलं. ती खरी आहेत, पण ती कारणं नाहीत.

२००२च्या उन्हाळ्यात तू सहा आठवडे आलीस. मी तुला स्टोअर दाखवायला नेलं, कारण तू कोष्ट्यांची लेक, मागावर वाढलेली, तुला कापडं आवडतील म्हणून. आवडतील म्हणून! जणू मी लहान मुलीला बाहुल्या दाखवत होते. लाल पुआ टेबलावर पसरला होता. दोन लांब पट्ट्या मधोमध शिवलेल्या, ताण्यावर गाठी बांधून रंगवलेली नक्षी. रजिस्टरनंतरच्या सगळ्या नोंदींत एकच ओळ होती, 'विधीचं कापड, बरी अवस्था'. तू हातमोजे घातलेस, वाकलीस, एक मिनिटभर नुसतं बघितलंस. मग म्हणालीस, "गिरिजे, हे एका बाईचं काम नाही आहे नं."

मी म्हटलं, कशावरून?

"अवं, हे पाय नं. डावीकडची गाठ आवळून बांधली आहे, रंग कुठं आत गेला नाही. उजवीकडं कडा फुटून राहिल्या. अन् ठोक बी वेगळी. हिचा हात जड, हिचा हलका. दुसरी पहिलीचं पाहून पाहून करून राहिली." मग तुझं बोट वरच्या टोकाला थांबलं. डावीकडे तिथे मोठी आकृती आहे, उजवीकडे नुसत्या सरळ रेघा. "अन् इथं ती थांबली. येत नव्हतं म्हणून नाही. इथवर आलं नं तिले. ती मुद्दाम थांबली. भ्यायली."

इतकंच. मग तू म्हणालीस, चहा कुठं मिळते?

मी त्यावर वर्षभर वाचलं, मोजमापं घेतली, फोटो काढले आणि लेख लिहिला. 'दोन हातांचा पुआ'. लेखाखाली मी मिसेस हॉलिसचे आभार मानले, प्रमोदचे मानले, फोटो काढणाऱ्याचे मानले. तुझं नाव नव्हतं. मी ते लपवलं असं म्हणायचीही सोय नाही, कारण छापून आल्यावर मीच तो लेख तुला पोस्टाने पाठवला. आनंदाने! वर चिठ्ठी लावून, 'बघ, छापलं!' त्या लेखामुळे माझी नोकरी पक्की झाली.

तुझा फोन आला. मला शब्द न् शब्द आठवतो.

"मस्त लिहिलं नं बाप्पा. पण ते दोन हात कोणं पाहिले?"

"अगं, आपणच की."

"आपण? नवऱ्याचे आभार मानले, फोटोवाल्याचे बी मानले. आपले कुठं दिसले नाही मले."

तेव्हा 'चुकले' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "नंदा, तू नुसतं बघितलंस. लिहायला मला वर्ष लागलं."

तू मग म्हणालीस, "बरं. ठेवतो मी. दूध उतू जाऊन राहिलं." आणि त्यानंतर मी लिहिलं नाही. तू लिहिलं नाहीस म्हणून मी लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

आता बुधवारचं ऐक.

टेबलावर पुआ पसरला. लुंचाई खुर्ची ओढून बसली. हात मागे बांधलेले, नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "दोन बायका."

मी जवळजवळ ओरडलेच. "हो ना! हेच! मी लिहिलंय हे! आणि वरती बघ, दुसरी थांबली..."

"थांबणारच. तिची पायरी नव्हती ती." ती सांगायला लागली आणि मी भराभर लिहून घेत होते. त्यांच्याकडे पुरुषाने मुंडकं आणायचं तसं बाईने पुआ विणायचा. त्याला बायकांचं युद्धच म्हणतात. नक्षी स्वप्नात येते, आणि काही नक्ष्या इतक्या कडक की ज्या बाईचा अधिकार नाही तिने त्या विणल्या तर ती आजारी पडते, झिजते. दुसरीची नक्षी उचलायची असेल तर आधी तिला विचारायचं, मान द्यायचा. मणी, एखादी बशी, जे असेल ते. "ही मुलगी असेल, सून असेल. तिने बाकीच्या नक्षीचा मान दिला असेल, वरचीचा दिला नसेल किंवा मागितलाच नसेल. म्हणून तिने हात आवरला. शहाणी बाई."

मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. "तू विणतेस?"

"नाही."

"मग तुला कसं दिसलं? मला दिसलं कारण मी आजीपाशी बसायचे. पुस्तकं वाचून हे दिसत नाही."

मिसेस हॉलिस तिथेच होत्या. मी म्हणाले, "माझ्या एका मैत्रिणीला दिसलं."

"तू तिला काय दिलंस?"

"ती मैत्रीण आहे माझी," मी म्हणाले.

लुंचाई खो खो हसली. मनापासून. "मैत्रिणीलाच तर द्यावं लागतं! शत्रूचं आपण सरळ कापून आणतो."

ती हे गमतीने म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. मिसेस हॉलिस मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कोणती मैत्रीण, गिरिजा?" मी म्हटलं, नंतर सांगते.

ब्रॅकनेल
बुधवार, १८ ऑक्टोबर

आज सांगितलं.

सांगायला सात दिवस का लागले तेही लिहिते. प्रदर्शनाचं पुस्तक छापायला जातंय. त्यात पान एकतीसवर माझा तोच लेख आहे, वाढवलेला, नव्या फोटोंसकट. आणि पुढच्या गुरुवारी सहायक क्युरेटरच्या जागेसाठी माझी मुलाखत आहे. अर्जात पहिली ओळ त्याच लेखाची आहे. सात दिवस मी मनात हिशेब करत होते की आधी मुलाखत होऊ दे, मग सांगू. सांगायचं तर आहेच, आठवड्याने काय बिघडतंय? पुस्तक छापून झालेलं असेल, एवढंच.

सकाळी मिसेस हॉलिसच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"ते सगळं तिने एका मिनिटात पाहिलं?"

"एका मिनिटात."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं माझं आहे. पण तिने पाहिलं नसतं तर बाकीचं झालंच नसतं."

"ठीक आहे, आभारात तिचं नाव घालू. एक ओळ आहे जागा."

नंदा, मी क्षणभर मोहात पडले. एक ओळ, आणि सगळं नीट! पण आभार चहा देणाऱ्याचे मानतात. मी म्हटलं, "आभारात नाही. लेखावर. आधी तिचं, मग माझं."

"मग मुलाखतीला समिती विचारेल, २००३मध्ये एकच नाव का होतं."

"हो."

"काय सांगशील?"

"जे आत्ता तुम्हाला सांगितलं ते."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मला तुझा राग आलाय, गिरिजा. मुलाखतीला मी त्या समितीत आहे, हे लक्षात ठेव." आणि मी दारापर्यंत पोचले तेव्हा, "अंगणातल्या फॉर्मवर तू जे लिहिलंस ना, ते मी फाईलमध्ये तसंच ठेवलंय. उद्या सकाळी नऊपर्यंत मला नाव कसं लिहायचं ते नीट लिहून दे. नऊनंतर छापखाना पान बदलणार नाही."

मी बाहेर आले आणि खरं सांगू? इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत लुंचाईला फोन करून सांगितलं. मला वाटलं ती शाबासकी देईल. ती वॉर्डात होती, घाईत होती. म्हणाली, "तू तिला विचारलंस?"

"काय?"

"तिचं नाव लावायचं का, हे. तिने त्या कापडात जे पाहिलं ते तिचं आहे. ते तू एकदा न विचारता घेतलंस. आता न विचारता परत देतेस. तिला नको असेल तर?"

मी डबा न उघडताच जागेवर परतले.

कारण तिचं बरोबर आहे. तुझं नाव इंग्रजी पुस्तकात छापलं जावं, माझ्या नावाशेजारी, हे तुला हवं आहे का, मला माहीत नाही. तू म्हणशील, काढून टाक तो लेख. मग पान एकतीस कोरं जाईल. मी मिसेस हॉलिसना तसं विचारूनही आले आज संध्याकाळी निघताना. त्या म्हणाल्या, "कोरं? प्रदर्शनाचं मुख्य कापड आणि त्याच्यासमोर कोरं पान?" मी म्हटलं, हो, तिने सांगितलं तर. त्या म्हणाल्या, "नऊच्या आत."

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायला आठ दिवस लागतील. दहा दिवस मी ते लिहीत बसले आणि आज कळतंय की मी पत्र निवडलं कारण पत्राला तुझा आवाज नसतो. तू 'बरं, ठेवतो मी' म्हणू शकत नाहीस.

तुझा नंबर तोच असेल ना? नसेल तर गोळीबार चौकातल्या तुमच्या शेजारच्या लीलावतीबाईंचा आहे माझ्याकडे. इथे साडेपाच म्हणजे तुमच्याकडे दहा, तू मागावर बसायच्या आधी.

उद्या, सकाळी साडेपाच : तुला फोन करून विचारणे.